संकेतस्थळांवरील अर्ज आणि दिव्यांगांची सुगम्यता : एक चिकित्सक अभ्यास (दौलताबाद परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश :
शासकीय योजना, शिष्यवृत्ती, प्रवेशप्रक्रिया व परीक्षा यांचे अर्ज आज प्रामुख्याने संकेतस्थळांवर भरले जातात. या अर्जांची रचना दिव्यांग व्यक्तींना स्वतंत्रपणे वापरता येण्याजोगी आहे काय, हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी मुळात तो हक्काचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात अर्जरचनेतील दोषांची चिकित्सा केली असून मराठी भाषेमुळे निर्माण होणाऱ्या विशेष अडचणी, कायद्याची स्थिती आणि महाविद्यालयांची जबाबदारी यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : सुगम्यता, दिव्यांग, स्क्रीन रीडर, अर्जातील रकाना, कॅप्चा, वाजवी सोय.

प्रस्तावना :
दौलताबादहून खुलताबादकडे जाणाऱ्या वाटेवर कागजीपुरा हे गाव लागते. हातकागदासाठी ते पूर्वापार प्रसिद्ध आहे. मध्ययुगापासून या परिसरातील राज्यकारभार कागदावर चालला. अर्ज, सनद, पावती हे सारे कागदाचेच व्यवहार होते. हा कागद अंध व्यक्तीच्या दृष्टीने स्वभावतःच मुका होता. त्यावर काय लिहिले आहे हे दुसऱ्याने वाचून सांगावे आणि आपल्या वतीने दुसऱ्यानेच लिहावे, याखेरीज तिच्यापुढे पर्याय नव्हता. त्यामुळे कागदी अर्ज अंध व्यक्तीला भरता येत नसे, याचा दोष अर्ज तयार करणाऱ्याला फारसा देता येत नव्हता.

संगणकाने ही परिस्थिती मुळापासून बदलली. संगणकावरील मजकूर पडद्यावर दिसतो, तसाच तो आवाजात ऐकवता येतो, ब्रेल पट्टीवर बोटांनी वाचता येतो आणि हवा तेवढा मोठा करता येतो. अंध व्यक्ती आपला अर्ज आपल्या हाताने भरू शकेल, अशी शक्यता इतिहासात प्रथमच निर्माण झाली. म्हणूनच संकेतस्थळावरील अर्ज जेव्हा तिला भरता येत नाही, तेव्हा तो अडथळा निसर्गाने वा माध्यमाने घातलेला नसतो. रचनाकाराने तो नव्याने उभा केलेला असतो. प्रस्तुत लेखातील संपूर्ण विवेचन या एका मुद्द्याभोवती केले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) संकेतस्थळांवरील अर्जांत आढळणाऱ्या सुगम्यताविषयक दोषांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) मराठी भाषा व स्थानिक संदर्भ यांतून उद्भवणाऱ्या अडचणींचा शोध घेणे.
३) कायदेशीर तरतुदी व प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतराची चिकित्सा करणे.
४) महाविद्यालयीन पातळीवर करता येण्याजोगे उपाय सुचविणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अधिनियम, नियम, सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय व आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ही विवेचनाची मुख्य साधने आहेत.

प्रश्नाची व्याप्ती :
२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी, तर महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. ही गणना जुन्या वर्गीकरणावर आधारलेली होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने १९९५ च्या कायद्यातील सात प्रवर्गांच्या जागी एकवीस प्रवर्ग मान्य केले. त्यामुळे प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असणार, हे उघड आहे. शिवाय ‘दिव्यांगांचा अर्ज’ म्हटले की केवळ अंध व्यक्ती डोळ्यांपुढे येते, हेही अपुरे आहे. मेंदूच्या पक्षाघातामुळे हात स्थिर न राहणारा विद्यार्थी माउस नेमक्या जागी नेऊ शकत नाही. कर्णबधिर अर्जदाराला ‘पडताळणीसाठी दूरध्वनी येईल’ ही सूचना निरर्थक असते. बोटे झिजलेल्या कुष्ठमुक्त व्यक्तीचा ठसा यंत्र स्वीकारत नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला एका पानावर दाटीवाटीने मांडलेले साठ रकाने गोंधळात टाकतात. अंशतः अंध व्यक्तीने पान मोठे केले की ‘सादर करा’ हे बटण पडद्याबाहेर निघून जाते.

हा प्रश्न केवळ भारतापुरता मर्यादित नाही. ‘वेबएम’ या अमेरिकी संस्थेने २०२५ मध्ये जगातील दहा लाख संकेतस्थळांच्या मुखपृष्ठांची यांत्रिक तपासणी केली. तीत ९४.८ टक्के पृष्ठांवर सुगम्यतेच्या निकषांचे भंग आढळले आणि ४८.२ टक्के पृष्ठांवर रकान्यांना योग्य लेबले नव्हती. दोष सार्वत्रिक असला म्हणजे तो क्षम्य ठरतो असे मात्र नाही.

अर्जरचनेतील दोषांची चिकित्सा :
वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने १९९९ मध्ये सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २००८, २०१८ व २०२३ मध्ये त्यांच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. २००८ पासून या तत्त्वांचा पाया चार कसोट्यांवर उभा आहे : मजकूर जाणवला पाहिजे, हाताळता आला पाहिजे, समजला पाहिजे आणि विविध साधनांवर टिकला पाहिजे. या कसोट्यांवर प्रचलित अर्जरचना पारखली असता पुढील दोष ठळकपणे दिसतात.

१) नाव नसलेले रकाने : डोळस व्यक्तीला ‘वडिलांचे नाव’ हे शब्द आणि त्यांच्या शेजारची रिकामी चौकट यांचा संबंध नजरेने कळतो. स्क्रीन रीडरला तो संबंध संकेतलेखनातून सांगावा लागतो. तो न सांगितल्यास प्रत्येक रकान्यावर यंत्र केवळ ‘लिहिण्याची जागा, रिकामी’ एवढेच बोलते. कित्येक अर्जांत रकान्याचे नाव चौकटीच्या आतच फिकट अक्षरांत दिलेले असते. पहिले अक्षर टंकताच ते नाहीसे होते आणि आपण कोठे काय लिहीत आहोत हे स्मरणावर सोडावे लागते. हा दोष दूर करण्यास संकेताची एखादी ओळ पुरते, तरीही तो सर्वाधिक आढळतो.

२) केवळ रंगाने दाखविलेली चूक : अर्ज सादर केल्यानंतर चुकलेले रकाने लाल होतात आणि पान पुन्हा आरंभी जाते. रंग न दिसणाऱ्याला वा रंगभेद न कळणाऱ्याला अर्ज का नाकारला गेला हे समजत नाही. कोणत्या रकान्यात कोणती चूक आहे आणि ती कशी सुधारावी, हे शब्दांत सांगणे आणि अर्जदाराला थेट त्या रकान्याशी नेणे आवश्यक आहे.

३) माउसवाचून न चालणारी साधने : जन्मतारखेसाठी दिलेली चित्रमय दिनदर्शिका हे याचे नमुनेदार उदाहरण होय. वीस वर्षांपूर्वीची तारीख गाठण्यासाठी महिन्यामागून महिने उलटावे लागतात आणि कीबोर्डने बहुधा ते करताच येत नाही. दिवस, महिना व वर्ष थेट टंकण्याची मुभा दिल्यास ही अडचण उरत नाही, आणि त्याचा लाभ सर्वांनाच होतो.

४) वेळेचे बंधन : स्क्रीन रीडरने अर्ज ऐकत ऐकत भरावयास साहजिकच अधिक वेळ लागतो. मधेच ‘आपले सत्र समाप्त झाले’ अशी सूचना येते आणि भरलेली सर्व माहिती पुसली जाते. मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुदत संपण्यापूर्वी अर्जदाराला सूचना देऊन साध्या क्रियेने ती वाढविण्यासाठी किमान वीस सेकंद मिळाले पाहिजेत आणि अशी वाढ किमान दहा वेळा घेता आली पाहिजे. परीक्षेत अंध विद्यार्थ्याला वाढीव वेळ देणे आपल्याकडे सर्वमान्य झाले आहे. त्या परीक्षेचा अर्ज भरताना मात्र हेच तत्त्व विसरले जाते.

५) कॅप्चा : अर्ज भरणारा मनुष्य आहे की यंत्र, हे ओळखण्यासाठी वेडीवाकडी अक्षरे वाचावयास लावणारी ही चाचणी आहे. अंध व्यक्ती ती अक्षरे वाचू शकत नाही, म्हणजे या चाचणीच्या लेखी ती मनुष्यच ठरत नाही. ध्वनिरूप पर्याय दिला तरी तो बहुधा गोंगाटातील इंग्रजी उच्चारांचा असतो आणि श्रवण-दृष्टिबाधितांना त्याचाही उपयोग नाही. २०२३ च्या आवृत्तीने तर ओळखपडताळणीसाठी अशा आकलनचाचणीवर विसंबून राहू नये, पर्यायी मार्ग द्यावा, असा निकष घातला आहे.

मराठी संदर्भातील विशेष अडचणी :
आंतरराष्ट्रीय तत्त्वे भाषानिरपेक्ष आहेत. प्रत्यक्ष अडचणी मात्र भाषेत रुतलेल्या असतात. मराठीपुरते चार मुद्दे येथे नोंदविणे अगत्याचे आहे.

पहिला मुद्दा जुन्या फॉन्टांचा. युनिकोडपूर्व फॉन्टांमध्ये टंकलेला मजकूर दिसावयास देवनागरी असला तरी संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरे व चिन्हे यांचा समूह असतो. स्क्रीन रीडर त्याचे वाचन सुरू करतो तेव्हा कानांवर निरर्थक ध्वनी पडतात. अर्जासोबतची माहितीपुस्तिका अशा फॉन्टात असेल, किंवा शिक्का मारलेल्या कागदाचे केवळ छायाचित्र असेल, तर नियम न वाचताच अर्ज भरण्याची पाळी येते.

दुसरा मुद्दा पृष्ठाची भाषा घोषित न करण्याचा. एन.व्ही.डी.ए. हा २००६ पासून विकसित होत आलेला मोफत स्क्रीन रीडर मराठी मजकूर वाचू शकतो. परंतु पृष्ठाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदविली असल्यास इंग्रजी ध्वनिसंच मराठी वाचू पाहतो आणि अर्थ हरवतो.

तिसरा मुद्दा अंकांचा. मराठी कळफलकावर टंकलेले ‘४३१००२’ हे अंक पिनकोडच्या रकान्यात नाकारले जातात आणि कारण म्हणून ‘अवैध माहिती’ एवढेच सांगितले जाते. डोळ्यांनी पाहणाऱ्याला लिपीभेद निदान दिसतो. ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही अंक सारखेच ऐकू येतात. मग चूक शोधावी कशी?

चौथा मुद्दा स्थलनामांचा असून तो या जिल्ह्याशी थेट निगडित आहे. औरंगाबाद शहराच्या छत्रपती संभाजीनगर या नव्या नावास फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा व विभाग यांच्या नामांतराची अधिसूचना निघाली. कीबोर्ड वापरणारी व्यक्ती लांबलचक यादीत आद्याक्षर दाबून इष्ट नावाकडे उडी घेते. इंग्रजी यादीत जुने नाव ‘ए’ मध्ये, तर नवे ‘सी’ मध्ये येते. मराठी यादीत ‘औ’ आणि ‘छ’ हे दोन्ही वर्ण परस्परांपासून दूर आहेत. एका अर्जात जुने आणि दुसऱ्यात नवे नाव असले तर डोळस अर्जदार यादीवरून नजर फिरवून ते शोधतो. अंध अर्जदाराला सबंध यादी ऐकावी लागते. त्यातून दौलताबादसारखे गावाचे नाव निवडण्यासाठी आधी जिल्हा व तालुका अचूक निवडणे सक्तीचे असेल, तर पहिल्याच पायरीवर अर्ज थांबतो. नामांतराच्या प्रशासकीय चर्चेत या बाजूचा विचार अभावानेच झाला.

सेवाकेंद्रांचा आधार आणि त्याची मर्यादा :
येथे असा आक्षेप घेतला जातो की, ग्रामीण भागात बहुतेक जण आपले सरकार सेवा केंद्रात किंवा नेट कॅफेत जाऊन अर्ज भरतात. मग सुगम्यतेचा आग्रह कशासाठी? वस्तुस्थिती म्हणून हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही.

केंद्रचालकाच्या हाती अर्ज देणे म्हणजे आपला आधार क्रमांक, बँक खाते, गुप्तशब्द आणि ओटीपी त्याच्या हाती देणे होय. दिव्यांगत्वाचा प्रकार व टक्केवारी ही अत्यंत खाजगी माहितीही रांगेत उभ्या असलेल्या इतरांदेखत उच्चारावी लागते. चालकाने भरलेली माहिती बरोबर आहे की नाही, हे पडताळण्याचे साधन अंध अर्जदारापाशी नसते. शुल्क, प्रवासखर्च आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी हा भार वेगळाच. याहून गंभीर बाब अशी की, अर्ज अखेर भरला गेल्यामुळे संकेतस्थळाच्या नोंदीत तो यशस्वी अर्ज म्हणूनच दिसतो. अशा रीतीने मदतीमुळे दोष झाकला जातो आणि तक्रार नाही म्हणून अडचण नाही, असा समज दृढ होतो.

कायद्याची भूमिका आणि अंमलबजावणीतील अंतर :
संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक करारास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले. २०१६ च्या अधिनियमातील कलम ४० सुगम्यतेच्या मानकांविषयी, तर कलम ४२ माहिती व संपर्क तंत्रज्ञानाविषयी आहे. कलम ४६ शासकीय व खाजगी अशा दोन्ही सेवादात्यांना नियमांच्या अधिसूचनेपासून दोन वर्षांची मुदत देते. नियम जून २०१७ मध्ये अधिसूचित झाले. म्हणजे ती मुदत २०१९ मध्येच संपली. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक सूचना अस्तित्वात असून २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. तरतुदींची उणीव नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

उणीव होती ती बंधनकारकतेची. राजीव रतूडी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमके यावर बोट ठेवले. कायदा सक्तीची भाषा बोलतो. नियम १५ मात्र मानकांना केवळ शिफारशीचे स्वरूप देतो, म्हणून तो मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविण्यात आला. याच निर्णयात सुगम्यता आणि वाजवी सोय यांतील भेद स्पष्ट झाला. सुगम्यता हे कोणी मागणी करण्यापूर्वीच पार पाडावयाचे कर्तव्य आहे. वाजवी सोय ही विशिष्ट व्यक्तीच्या गरजेनुसार नंतर करावयाची तजवीज आहे. वरील सेवाकेंद्राचा युक्तिवाद या भेदापुढे टिकत नाही. मदतनीस देणे ही फार तर सोय आहे. तिने सुगम्यतेची जागा घेता येत नाही.

त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या निर्णयाने आणखी एक पाऊल टाकले. बँक खात्यासाठीच्या डिजिटल ओळखपडताळणीत अर्जदाराने डोळ्यांची उघडझाप करणे आवश्यक होते. आम्लहल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तीला ते अशक्य होते. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि वीस निर्देश दिले. डोळ्यांची उघडझाप ही रचनाकाराला अगदी किरकोळ वाटणारी कृती; परंतु तिच्या अभावी एखादी व्यक्ती साऱ्या आर्थिक व्यवहारातून वगळली जाऊ शकते, हे या खटल्याने दाखवून दिले.

खर्चाचा आक्षेपही नवा नाही. सिडनी ऑलिम्पिकच्या संकेतस्थळाविरुद्ध ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने केलेल्या तक्रारीत आयोजन समितीने अवाजवी भाराचा बचाव मांडला होता. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये तो फेटाळून तक्रारदाराच्या बाजूने निर्णय दिला. आरंभीच नीट रचलेल्या अर्जाला वेगळा खर्च येत नाही. तयार झालेला अर्ज मोडून पुन्हा रचण्याला येतो, हा त्यातून घ्यावयाचा धडा आहे.

देखाव्याची सुगम्यता :
अनेक संकेतस्थळांच्या माथ्यावर अक्षरे लहानमोठी करण्याची तीन बटणे आणि रंगबदलाची एक कळ दिसते. काही ठिकाणी सुगम्यतेची तयार ‘पट्टी’ विकत घेऊन बसविलेली असते. आतील अर्जाचे रकाने मात्र बिननावाचेच राहतात. अशा स्वयंचलित पट्टीविषयी अवास्तव दावे केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये एका कंपनीवर दहा लाख डॉलर भरण्याचा आदेश प्रस्तावित केला, ही घटना बोलकी आहे. प्रवेशद्वाराशी उतरंड बांधून वर्ग तिसऱ्या मजल्यावर ठेवावा, तसा हा प्रकार होय.

महाविद्यालयांची जबाबदारी :
ही चिकित्सा केवळ शासनाकडे बोट दाखवून पूर्ण होत नाही. अधिनियमाच्या कलम ३२ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. त्या जागेपर्यंत पोहोचण्याचा पहिला उंबरठा प्रवेश अर्ज हाच असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. नॅकच्या स्वयंमूल्यमापनातील ७.१.७ या निर्देशांकात उतरंड व स्वच्छतागृहांबरोबरच सुगम्य संकेतस्थळ आणि स्क्रीन रीडर यांचाही उल्लेख होता. उतरंडीचे छायाचित्र अहवालास जोडता येते, संकेतस्थळाचे तसे जोडता येत नाही. त्यामुळे या बाबीची पूर्तता बहुधा शब्दांतच राहिली.

प्राध्यापकवर्गही यातून सुटत नाही. विद्यार्थी अभिप्राय, चाचणी व चर्चासत्र नोंदणी यांसाठी आज प्राध्यापक स्वतःच गुगल फॉर्म तयार करतात. प्रश्न चित्ररूपाने चिकटविणे, पंधरा विधाने व पाच पर्याय यांचे एकच मोठे जाळे मांडणे, शीर्षक केवळ सजविलेल्या चित्रात देणे या सवयी तेथेही आढळतात. अभिप्रायाचा अर्जच ज्याला भरता येत नाही, त्याचे असमाधान अहवालात उमटणार नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

उपाययोजना :
१) प्रत्येक अर्ज प्रसिद्ध करण्यापूर्वी माउस बाजूला ठेवून केवळ कीबोर्डने आणि नंतर मोफत स्क्रीन रीडरने तो संपूर्ण भरून पाहावा.
२) पान दुप्पट मोठे करून सर्व रकाने व बटणे वापरता येतात काय, हे तपासावे.
३) अंतिम चाचणी दिव्यांग विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी व या श्रमाचे मानधन द्यावे.
४) संकेतस्थळाच्या करारात सुगम्यतेच्या मानकांची पूर्तता ही देयकाची अट म्हणून घालावी.
५) मराठी मजकूर युनिकोडमध्ये द्यावा, पृष्ठाची भाषा घोषित करावी, देवनागरी अंक स्वीकारावेत आणि स्थलनामांच्या यादीत जुन्या नावाने शोधले तरी नवे नाव सापडेल अशी सोय ठेवावी.
६) संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून महाविद्यालयाच्याच अर्जांचे सुगम्यता परीक्षण द्यावे.

निष्कर्ष :
देवगिरीचा किल्ला परक्याला आत येता येऊ नये या हेतूने बांधला गेला. खंदक, वळणावळणांचे दरवाजे आणि अंधारी हा भुयारी मार्ग यांतून येणाऱ्याची दिशाभूल व्हावी, तो थकावा, परतावा, हीच त्या स्थापत्याची फलश्रुती होती. दुर्गरचनेत तो गुण होता. नागरिकांना सेवा देण्यासाठी रचलेल्या अर्जात तीच लक्षणे आढळली तर तो दोष ठरतो. मग तो हेतुपुरस्सर असो वा अनवधानाने घडलेला असो. आत अडकलेल्याच्या दृष्टीने त्या दोहोंत फरक नसतो.

सुगम्य अर्ज हा दिव्यांगांवरील उपकार नव्हे. कायद्याने दिलेली जागा, शिष्यवृत्ती आणि प्रमाणपत्र अर्जावाचून मिळत नाही. म्हणून अर्ज भरता येणे हा त्या सर्व हक्कांचा पूर्वहक्क होय. दिव्यांग विद्यार्थ्याने आपले नाव आपल्या हाताने लिहिले आणि ‘सादर करा’ हे बटण स्वतः दाबले, तरच प्रवेशाची समान संधी प्रत्यक्षात आली असे म्हणता येईल. त्यासाठी फार मोठ्या निधीची नव्हे, तर अर्ज रचताना कोण वगळले जात आहे हा प्रश्न विचारण्याच्या सवयीची गरज आहे. ही सवय रुजविण्यास महाविद्यालयाचा स्वतःचा प्रवेश अर्ज ही सर्वांत जवळची जागा होय.